भिंतीतलं जुनं वायरिंग: आग नेमकी कुठून सुरू होते?

घराला आग लागल्याची बातमी वाचली की शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' आपण मनात म्हणतो, वायरिंग जुनं असणार, आणि पुढच्या बातमीकडे वळतो. मग एखाद्या रात्री बटण दाबताना बोर्डातून 'चर्र' असा आवाज येतो आणि ती बातमी आठवते.

त्या वाक्यात एक मेख आहे. आग कशानेही लागो, ती वायरपर्यंत पोचली की वायरवरचं प्लास्टिक वितळतं, आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि शॉर्टसर्किट होतंच. राखेत तांब्याचे वितळलेले मणी सापडतात ते यामुळेही. म्हणजे पुष्कळदा शॉर्टसर्किट हा आगीचा परिणाम असतो, कारण नव्हे. शिवाय खरोखरचं शॉर्टसर्किट झालं तर धडधाकट एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातलं आपोआप पडणारं बटण, पापणी लवायच्या आत वीज तोडतो. जुन्या घरात धास्ती घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. ती बहुतेक वेळा आवाज करत नाही, ठिणगी दाखवत नाही आणि एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही. ती म्हणजे सैल पडलेली जोडणी, वायरमनच्या भाषेत 'लूज जॉइंट'.

तिच्याकडे यायच्या आधी भिंतीत काय दडलंय ते पाहू.

### वायर म्हातारी होते म्हणजे काय होतं?

वायर म्हणजे आतली धातूची तार आणि तिच्यावरचं आवरण. या आवरणाला इन्सुलेशन म्हणतात. तांबं सहसा म्हातारं होत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची तांब्याची तार आजही तेवढीच वीज वाहून नेते. म्हातारं होतं ते आवरण, आणि सैल पडतात त्या जोडण्या. 'वायरिंग जुनं झालं' याचा अर्थ एवढाच.

अगदी जुन्या घरांत चिनी मातीच्या गुटक्यांवर तोलून धरलेल्या तारा दिसतात. त्यानंतरची म्हणजे लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेलं बॅटन वायरिंग, किंवा लाकडाच्या खाचेत तारा बसवून वर झाकणपट्टी ठोकलेलं केसिंग-कॅपिंग. या काळातल्या तारांवर रबर आणि त्यावर सुती विणीचं कापड असे. खणात विसरलेलं रबरबँड काही वर्षांनी ताणून बघा, तुकडे पडतात. त्या तारांवरच्या रबराचंही तेच झालेलं असतं. हात लावत नाही तोवर सगळं जागच्या जागी दिसतं. बोर्ड उघडून वायर जराशी वाकवली की आवरण खपलीसारखं गळून येतं. म्हणून अशा घरात 'फक्त एक बटण बदलायचंय' हे काम बहुधा फक्त बटणावर थांबत नाही.

पुढे पीव्हीसीचं आवरण आलं. ते पुष्कळ टिकाऊ आहे, पण घरगुती वायरचं नेहमीचं पीव्हीसी साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. कायम दहा अंश जास्त तापत राहिलं तर आवरणाचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा इंजिनिअर मंडळींचा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे एकाच घरातली, एकाच दिवशी टाकलेली वायर भिंतीच्या मध्यभागी नव्यासारखी मऊ आणि बल्बच्या होल्डरपाशी कडक झालेली सापडते. वय कॅलेंडरवर मोजायचं नाही, उष्णतेवर मोजायचं.

आणि ॲल्युमिनियम. १९६० च्या दशकात तांबं महाग झालं तेव्हा अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ या काळात लाखो घरांत ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या. इतर देशांतही त्या वापरल्या गेल्या. हा धातू वाईट नाही, मोठमोठ्या विजेच्या लाइनी त्याच्याच असतात. अडचण येते ती बटणाच्या इवल्याशा स्क्रूखाली. ॲल्युमिनियमवर हवेने जो थर चढतो तो वीज वाहू देत नाही. ते मऊ असल्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपत जातं, आणि तापल्यावर तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त फुगतं. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत असं दिसलं, की १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम वायरिंगच्या घरांत एखादी तरी जोडणी आग लागण्याच्या अवस्थेला पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट होती. जोडणी, हं. मधली वायर नव्हे.

### लूज जॉइंटचं गणित

वीज वाहताना तिला होणाऱ्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. घट्ट जोडणीचा रोध जवळपास शून्य असतो. सभागृहातून लोक रुंद दारातून बाहेर पडत असतील तर कुणाचा धक्का कुणाला लागत नाही; दाराचं एकच फळकं अर्धवट उघडं असेल तर तिथेच रेटारेटी होते. सैल स्क्रूखाली तारेचा पृष्ठभाग असाच सुईच्या टोकाएवढ्या जागेत टेकलेला असतो आणि सगळी वीज तेवढ्यातून जाते.

आता आकडे घेऊ. समजा त्या सैल जोडणीचा रोध फक्त अर्धा ओहम आहे. घरात काही दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढंच होतं तेव्हा तिच्यातून दोनेक अँपिअर वीज जायची. उष्णता निघते ती विजेच्या वर्गाच्या पटीत: दोन गुणिले दोन गुणिले अर्धा, म्हणजे २ वॅट. एवढ्याने काही होत नाही. पण त्याच लाइनीवर २००० वॅटचा हीटर आला की २३० व्होल्टच्या पुरवठ्यात साडेआठ अँपिअर वीज धावते. आता त्याच जोडणीत ३६ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॅटची असते आणि शिसं-कथिल वितळवते. त्याहून गरम काहीतरी तुमच्या बोर्डात, लाकडाला किंवा प्लास्टिकला टेकून, बंद डबीत बसलेलं आहे.

'चाळीस वर्षं काही झालं नाही, आताच काय होणार?' या प्रश्नाचं उत्तर याच गणितात आहे. वायर तीच आहे, वीज चौपट झाली आणि उष्णता अठरा पट.

एकदा तापायला लागली की जोडणी स्वतःहून सुधारत नाही. तापली की स्क्रू आणि तार फुगतात, थंड झाली की आकसतात; रोजच्या या फुगण्या-आकसण्यात ती आणखी सैल होते, तारेवर काळा थर चढतो, रोध वाढतो आणि ती आणखी तापते. हा प्रवास महिनोन्महिने चालतो. त्याच्या खुणा असतात, फक्त आपण त्यांना घराच्या सवयी समजतो: एखादं प्लग-पॉइंट कायम कोमट लागणं, बटणाभोवती तपकिरी डाग, हीटर लावला की दिवा जरासा मंद होणं, बटणाला थापटी मारली की पंखा चालू होणं. आणि कधीकधी बोर्डाजवळ विचित्र, मासळीसारखा वास येणं. बोर्डातलं काही प्रकारचं प्लास्टिक भाजायला लागलं की असाच वास सुटतो. हा वास आला तर मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवा, बाकी सगळं नंतर.

### 'पण आमच्याकडे एमसीबी आहेत ना?'

आहेत, आणि ते चांगलंच आहे. पण एमसीबीचं काम नेमकं काय ते समजून घ्यायला हवं. एका लाइनीतून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज गेली की आपोआप पडणारं बटण म्हणजे एमसीबी. १९२४ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम इथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने याचं पेटंट घेतलं. त्याआधी हे काम वितळणारी फ्यूजची तार करत असे.

वरच्या उदाहरणात सैल जोडणीतून किती वीज जात होती? साडेआठ अँपिअर. जोडणी घट्ट असती तरी हीटरने तेवढीच, किंचित जास्तच वीज घेतली असती. मग १६ अँपिअरच्या एमसीबीने का पडावं? त्याच्या लेखी सगळं आलबेल आहे. तो दारावर बसून आत-बाहेर जाणारी माणसं मोजतो. आत कुणाचा श्वास कोंडतोय हे त्याला कळायचं काही साधन नाही.

दुसरं म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १६ वर पडतो हा गैरसमज आहे. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो १८ अँपिअरवर तासभर न पडता टिकायला हवा, आणि २३ अँपिअरवर तासाभरात पडायला हवा. त्यामुळे वायर त्याच्यापेक्षा दमदार असावी लागते. इथे जुन्या घरांतला सर्वांत घातक 'उपाय' येतो. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवायचा, किंवा जुन्या फ्यूजमध्ये जाड तार पिळून टाकायची. पडणं थांबतं, सगळे खूश. आता जास्त वीज गेली तर फ्यूजची भूमिका भिंतीतल्या वायरला करावी लागते. कुणी असं सुचवलं तर त्याचं कौशल्य तिथेच कळलं म्हणून समजा.

सैल जोडणीतली किंवा तुटक्या तारेतली ठिणगी ओळखणारं उपकरणही आहे. विजेच्या लहरीतली ठिणगीची विशिष्ट थरथर पकडून ते लाइन तोडतं. अमेरिकेतल्या १९९९ च्या वायरिंग नियमांनी झोपण्याच्या खोल्यांसाठी ते आणलं. मात्र ठिणगी न पडता नुसतीच तापणारी जोडणी त्यालाही चकवू शकते. तिच्यावर इलाज एकच: उघडून, साफ करून, नीट घट्ट करणं.

### माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं

एमसीबी वायरला वाचवतो, तुम्हाला नाही. १०० वॅटच्या साध्या बल्बमधून जवळजवळ ४३० मिलीअँपिअर वीज जाते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डालझील यांनी प्रयोग करून दाखवलं, की हातातली तार सोडून देता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलीअँपिअर आहे. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडतच नाही. म्हणजे एका बल्बच्या विजेचा पंचविसावा हिस्साही माणसाला जखडून ठेवायला पुरतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही.

त्यासाठी आरसीसीबी. जाणारी आणि परत येणारी वीज यांचा हिशेब तो सतत जुळवत राहतो, सहलीला नेलेली मुलं बसमध्ये चढताना आणि परतताना मोजणाऱ्या बाईंसारखा. फेजमधून गेलेली सगळी वीज न्यूट्रलमधून परत यायला हवी. ३० मिलीअँपिअर कमी भरली, तर ती कुठेतरी गळतेय, कदाचित एखाद्याच्या अंगातून. मग तो जास्तीत जास्त ०.३ सेकंदात लाइन तोडतो. झटका बसतोच, वाचवतं ते झटक्याचा वेळ कापणं. एक मर्यादाही लक्षात ठेवा: एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर हिशेब चोख जुळतो आणि आरसीसीबी स्वस्थ बसतो.

### 'बसवला होता, पण सारखा पडायचा, म्हणून काढला'

जुन्या घरांत ही तक्रार इतक्यांदा ऐकू येते की तिला वेगळी जागा द्यायला हवी. बहुतेक वेळा आरसीसीबी खरं बोलत असतो.

ओल धरलेल्या भिंतीतलं कुजकं आवरण थोडीथोडी वीज गळू देतं. दोन-तीन ठिकाणची गळती मिळून तीसच्या आसपास जाते. कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) एकमेकांना टेकलेले असतात. आणि एक खास जुन्या घरांतला प्रकार म्हणजे उसना न्यूट्रल. वर्षांपूर्वी कुणीतरी जिन्यातला दिवा जोडताना फेज एका लाइनीतून घेतला आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून दुसरीतून. दिवा लागतो, कुणाचं काही अडत नाही. पण दोन लाइनींना वेगवेगळे आरसीसीबी बसवले की एकाच्या हिशेबातून गेलेली वीज दुसऱ्याच्या वहीत जमा होते आणि ते पडतात. उपकरण सदोष नाही, जोडणी चुकली आहे. ती शोधायला अर्धा दिवस जातो, आरसीसीबी काढायला पाच मिनिटं. म्हणून तो काढला जातो.

न्यूट्रलवरून आठवलं. जुन्या मेन बोर्डांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज असत. न्यूट्रलचा आधी उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच असतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं असेल तरीही तेच. 'बटण बंद होतं तरी झटका बसला' या हकिकती इथून येतात.

### तिसरं भोक

तीन पिनांच्या सॉकेटमधलं मोठं भोक अर्थिंगचं. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायचा सोपा रस्ता देणारी ही वाट. जुन्या घरात नवं तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण मागे पुष्कळदा तिसरी तारच नसते. त्याहून वाईट म्हणजे आतल्या आत अर्थच्या पिनेला न्यूट्रलशी जोडून दिलेलं असतं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण पुढे कधी न्यूट्रलची तार तुटली की उपकरणाचं लोखंडी अंगच फेज होतं. अर्थिंग नसणं वाईट; हे खोटं अर्थिंग त्याहून वाईट.

अर्थिंगशिवायही आरसीसीबी काम करतो का? करतो, पण गळती सुरू होऊनही तो थांबून राहतो, कुणीतरी हात लावेपर्यंत. अर्थिंग असेल तर गळती होताच, कुणी जवळ नसताना पडतो. दोन्ही हवेत.

### वायरमनकडे काय मागायचं

'सगळं बघितलं, ठीक आहे' हे उत्तर घेऊ नका. आकडे मागा. मेगर नावाचं यंत्र ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणाचा रोध मोजतं. तो किमान १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम हवा. चांगल्या वायरिंगमध्ये त्याच्या कितीतरी पट येतो. प्रत्येक लाइनीचा आकडा कागदावर लिहून घ्या. टीव्ही, फ्रिज वगैरे आधी काढून ठेवा, त्या दाबाने आतली इलेक्ट्रॉनिक पाटी जायची. हातातला टेस्टर फक्त वीज आहे की नाही सांगतो, वायरची तब्येत नाही.

दुसरी मागणी: प्रत्येक बोर्ड उघडून जोडण्या पाहायच्या. चिकटपट्टी गुंडाळलेली पिळी दिसली तर ती काढून कनेक्टर बसवायचा. ॲल्युमिनियम आणि तांबं एकत्र पिळलेलं असेल तर ती जोडणी ओलाव्यात गंजते. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारे कनेक्टरच लागतात. हे काम स्वतः करू नका. मेन स्विच बंद केला तरी त्याच्यावरच्या, मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंतच असतात.

### सगळ्या भिंती फोडाव्या लागतात का?

रबर-कापडाच्या तारा असतील किंवा मेगरचा आकडा पडलेला असेल तर हो, त्या तारा जायलाच हव्यात. पण पीव्हीसीतलं तांबं धड असेल तर सगळं एका दमात उखडायची गरज नसते. माझ्या मते क्रम असा ठेवावा: तापणारे पॉइंट आणि चुकीचे एमसीबी आजच्या आज. मग आरसीसीबी आणि खरं अर्थिंग. त्यानंतर जड उपकरणं जुन्या लाइनींवरून उतरवायची. पाणी तापवण्याचं यंत्र, एसी, ओव्हन यांना मेन बोर्डापासून थेट, मध्ये कुठेही जॉइंट नसलेली नवी लाइन द्यायची. वायरमन 'दीडची, अडीचची, चारची' म्हणतात तो तारेच्या छेदाचा चौरस मिलिमीटरमधला आकडा. दिव्यांना दीड, साध्या पॉवर पॉइंटला अडीच, जड उपकरणांना बहुधा चार. एवढं केलं की जुन्या तारांवर पुन्हा दिवे आणि पंखेच उरतात, ज्यांच्यासाठी त्या टाकल्या होत्या.

भिंतीत पाइप असेल तर जुन्या तारेच्या शेपटीला नवी बांधून एकीने दुसरीला ओढून घेता येतं. पाइप गंजला किंवा चेपला असेल तर ती निम्म्यात अडकते, तेव्हा हट्ट करू नये. ओढाताणीत नव्या तारेचं आवरण सोलवटतं. अशा ठिकाणी भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी नेणं हा सरळ मार्ग. दिसायला बेंगरूळ, पण पुढच्या वेळी झाकण उघडलं की सगळं समोर. आणि पाइपात जागा आहे म्हणून तो गच्च भरू नका. पोटातली सुमारे ४० टक्के जागा भरली की पुरे, नाहीतर तारांची उष्णता आतच कोंडते.

प्लास्टर करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. मेन बोर्डाच्या दाराला आतून चिठ्ठी लावा, कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा. आणि ज्या जुन्या तारा निघाल्याच नाहीत त्या बोर्डातूनही सोडवा, दोन्ही टोकांना झाकण घाला, त्यांवर 'बंद' लिहा. नाहीतर काही वर्षांनी दुसरा वायरमन येतो, बोर्डात एक मोकळी तार पाहतो आणि नवा पॉइंट तिच्यावरच जोडून देतो.